सुरतेचे शिसे आणि मराठ्यांची बंदूक

सुरत शहराच्या दक्षिणेस, उधना स्थानकाच्या पलीकडे, पांडेसरा नावाची वस्ती आहे. कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांसाठी ती आज प्रसिद्ध आहे. या गिरण्यांच्या आवारात आणि भोवतालच्या चाळींत मराठी, त्यातही खानदेशची अहिराणी, दिवसभर कानी पडते. उधन्याहून फुटणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास पोहोचतो. त्याच मार्गाने ही मंडळी पोटासाठी इकडे आली आणि स्थिरावली. सुट्टीच्या दिवशी मुलांना तापीकाठचा जुना किल्ला दाखवावयास नेणारा खानदेशी बाप, शिवाजी महाराज सुरतेस आले होते, हे सांगितल्यावाचून राहत नाही. १६६४ च्या जानेवारीत महाराज गणदेवीवरून आले, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने. पांडेसरा याच बाजूस आहे.

महाराजांनी सुरतेहून काय नेले, असे मुलाने विचारले तर सोने, रुपे, मोती असे उत्तर मिळते. उत्तर खरे आहे. परंतु सुरतेच्या बाजारात मराठ्यांना हवा असणारा आणखी एक माल होता. तो दिसावयास मळकट, वजनाला जड आणि सोन्याच्या मानाने अगदीच हलक्या मोलाचा. तथापि तो वेळेवर न मिळाला तर सह्याद्रीवरची बंदूक मुकी होई. तो माल म्हणजे शिसे. आणि त्याच्या जोडीने गंधक व सोरा. या तीन वस्तूंची टंचाई आणि महागाई यांनी मराठ्यांच्या राजकारणाला वेळोवेळी कसे वळण दिले, हे पाहण्यासारखे आहे.

त्या काळची तोड्याची बंदूक भरण्याचे काम मोठे सायासाचे असे. शिंगातील दारू मोजून नळीत ओतावयाची, ती गजाने ठासावयाची, वर शिशाची गोळी सारावयाची, कान्यापाशी बारीक रंजक घालावयाची आणि मग पेटता तोडा तेथे टेकवावयाचा. बार झाला की हा सारा विधी पुन्हा पहिल्यापासून. बंदूक एकदा घेतली म्हणजे बापाची मुलाला पुरे. तोफ तर दोन-दोन पिढ्या बुरुजावर बसे. दारू आणि गोळी मात्र प्रत्येक बाराला नवी लागे. यास्तव एखाद्या राजापाशी किती तोफा आहेत, यापेक्षा त्या तोफा किती दिवस बोलू शकतील, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तोफांची नावे मिळतात. दारूच्या मडक्यांची मोजदाद मिळत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

बंदुकीच्या दारूत तीन द्रव्ये असतात: सोरा, गंधक आणि कोळसा. त्यांत सोऱ्याचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे पाऊण. कोळशाची चिंता मराठ्यांना कधीच नव्हती. माळरानावरच्या रुईचा हलका कोळसा या कामी उत्तम समजला जाई, आणि रुईला कोण विचारतो! सोरा जुन्या गावठाणाच्या व गोठ्यांच्या मातीतून निघतो. ती माती खरवडून पाण्यात भिजवावयाची, ते पाणी गाळून आटवावयाचे आणि थंड होऊ द्यावयाचे, म्हणजे सोऱ्याचे खडे जमतात. ही रीत देशात अनेक ठिकाणी ठाऊक होती. पण विपुल आणि उत्तम सोरा बिहारचा. तेथे नोनिया लोकांचा तो पिढीजात धंदा होता. गंधक बहुतांशी समुद्रापलीकडून येई. राहिले शिसे. सह्याद्रीचा सारा डोंगर काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. त्या खडकाने महाराजांना गड दिले, कडे दिले, पाण्याची टाकी खोदावयास जागा दिली. परंतु त्याच्या पोटात शिसेही नाही आणि गंधकही नाही. तोफेला निदान दगडी गोळा चालतो, पाथरवट बसविला की तो घडवून देतो, आणि असे गोळे आजही गडांवर पडलेले आढळतात. बंदुकीला तसा दगड चालत नाही. तिच्यासाठी शिसे हवे आणि ते बंदरावरून विकत आणावयास हवे.

बंदर म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी मुख्यतः सुरत. सुवाळीच्या नाळीत विलायतेची जहाजे नांगर टाकीत. त्यांतून बनात, पोवळे, पारा आणि शिसे उतरे. परत जाताना कापड, नीळ आणि सोरा भरला जाई. जड म्हणून सोरा जहाजाच्या तळाशी नीरमाचे काम देई आणि विलायतेस पोहोचल्यावर नफाही देई. एकाच वस्तूने दोन कामे होत असल्यामुळे इंग्रज व डच यांची त्यावर फार प्रीती. शिवाय समुद्र पावसाळ्यात बंद. जहाजे पावसाळा सरल्यावर यावयाची आणि मराठ्यांची फौजही दसऱ्याला सीमोल्लंघन करून तेव्हाच निघावयाची. ज्या दिवसांत साऱ्यांनाच दारूगोळा हवा, त्याच दिवसांत तो बाजारात येणार. अशा बाजारात भाव कोणाच्या बाजूने झुकेल, हे सांगण्यास व्यापाऱ्याच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही.

सोऱ्याच्या व्यापाराचा एक नामी प्रसंग टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवला आहे. शुद्ध सोऱ्याची किंमत कच्च्या सोऱ्याच्या तिप्पट पडे. हा तिप्पटीचा नफा आपल्याच पदरात पडावा म्हणून डचांनी पाटण्याच्या वरच्या अंगास छपरा येथे वखार घातली, हॉलंडहून मोठमोठ्या कढया आणल्या आणि शुद्ध करणारे कामगारही नेमले. पण सोरा पांढरा शुभ्र व्हावयास दह्यादुधाची निवळी लागे. आपल्या तोंडचा घास हे परदेशी हिरावून घेतात, असे पाहताच गावकऱ्यांनी त्यांना निवळी देणेच बंद केले. डचांच्या कढया तशाच पडून राहिल्या. साम्राज्याच्या तोफांना लागणारा सोरा शेवटी गवळ्याच्या मडक्यापाशी अडावा, यात मौज आहे खरी. पण जिन्नस जेथे अडतो तेथे बसलेला मनुष्य कितीही लहान असला तरी धनी असतो, हे त्या गावकऱ्यांनी ओळखले होते.

राज्यकर्त्यांनीही ते ओळखले. औरंगजेब गुजरातेचा सुभेदार असताना, १६४६ च्या सुमारास, त्याने युरोपीय व्यापाऱ्यांना सोरा विकण्यास बंदी केली. ही दारू पुढे मुसलमानांवरच उडेल, असे कारण सांगण्यात आले. इकडे पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय समुद्रात फिरणाऱ्या गलबतांना पकडीत, आणि परवाना दिला तरी त्यात युद्धसाहित्याची मनाई असे. विलायतेत तर हा भाव सनदेतच लिहिला गेला. १६९३ च्या सनदेने इंग्रज कंपनीवर असे बंधन घातले की, तिने दरसाल ५०० टन सोरा सरकारला पुरवावा. शांततेच्या काळी टनास ३८ पौंड १० शिलिंग आणि युद्धाच्या काळी ४५ पौंड या दराने. युद्ध आले की दारू महागणार, हे तेथील मुत्सद्द्यांनी गृहीतच धरले होते.

या व्यापाराची झळ शिवाजी महाराजांना प्रथम पन्हाळ्यावर लागली. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला असता राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्‍री रेव्हिंग्टन काही सोबत्यांसह उखळी तोफ व हातगोळे घेऊन वेढ्यात दाखल झाला. आपला माल किती उत्तम आहे, हे गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी त्याने इंग्रजांचे निशाण फडकावून गडावर गोळे टाकले. कंपनी व्यापारी म्हणवीत होती आणि तटस्थ म्हणवीत होती. महाराजांनी त्या तटस्थपणाचा हिशेब पुढील वर्षी केला. १६६१ च्या मार्चमध्ये राजापूर लुटले गेले. रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद झाले आणि सुमारे दोन वर्षांनी, १६६३ च्या आरंभी, सुटले. राजापूरच्या वखारीच्या भरपाईची रडकथा इंग्रज त्यापुढे दहा वर्षे गात होते. ती का चालू राहिली, हे पुढे दिसेल.

१६६४ च्या सुरतेत दारूगोळा होता की नाही? होता, आणि भरपूर होता. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलीत असे. पण शिपाई ठेवीत नसे. महाराज शहराबाहेर येताच तो किल्ल्यात जाऊन बसला. किल्ल्यावरच्या तोफा दिवसरात्र उडत राहिल्या आणि त्यांनी शत्रूपेक्षा शहराचीच घरे अधिक पाडली, असे त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. दारू फुकट जाळण्याचा असा नमुना विरळा. त्याच वेळी जॉर्ज ऑक्झेंडन याने मूठभर माणसे आणि जहाजावरून आणलेल्या तोफा यांच्या जोरावर इंग्रजांची वखार राखली. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले तेव्हाही इंग्रजांनी वखार लढविली; परंतु फ्रेंचांनी मराठ्यांशी परस्पर समेट केला. इंग्रजांच्या लिखाणात याबद्दल फ्रेंचांवर मोठा राग आहे. फ्रेंचांची सुरतेतील वखार तेव्हा दोन वर्षांचीच होती. त्यांना लढाईपेक्षा गिऱ्हाईक अधिक हवे होते.

ते गिऱ्हाईक त्यांना मिळाले. जंजिऱ्याच्या सिद्दीवर दंडाराजपुरी येथे महाराजांची मोहीम वर्षानुवर्षे चालली होती. तेथे लागत होत्या उखळी तोफा, हातगोळे आणि दारू. १६७१ साली महाराजांचा वकील मुंबईस इंग्रजांकडे गेला तो याचसाठी. सुरतेच्या इंग्रज कौन्सिलाने मुंबईकरांना जो सल्ला दिला, तो मुत्सद्देगिरीच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल. देऊ असे म्हणावयाचे नाही. देणार नाही असेही म्हणावयाचे नाही. राजापूरची भरपाई झाली तर पुढे पाहता येईल, अशी आशा तेवढी ठेवावयाची. टंचाई ही नुसती बाजाराची स्थिती न राहता हाती धरण्याची दोरी झाली, ती येथे. दारू विकून जेवढे मिळाले असते, त्याहून दारू न विकता अधिक मिळेल, असा तो हिशेब होता. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्‍री ऑक्झेंडन रायगडावर आला आणि तह झाला, त्यात राजापूरबद्दल दहा हजार होन देण्याचे महाराजांनी मान्य केले.

परंतु महाराज एका दुकानाच्या दारी ताटकळत बसणारे गिऱ्हाईक नव्हते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नमूद केले आहे की, सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या मुख्याकडून महाराजांनी ऐंशी तोफा आणि आपल्या सर्व बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतले. या वाक्यात तोफांच्या आकड्याकडे वाचकाचे लक्ष जाते. पण खरी खरेदी शिशाची आहे. ज्या सुरतेवर महाराज दोनदा चालून गेले, त्याच सुरतेच्या एका वखारीतून त्यांनी रोख पैशाने शिसे घ्यावे, यात विसंगती काहीच नाही. लूट एकदाची असते. पुरवठा चालू ठेवावयाचा तर कोणीतरी विकणारा राखावा लागतो. टोपीकरांत परस्पर वैर आहे, तोवर एकाने नाकारलेला माल दुसऱ्याकडे मिळतो, हे महाराजांनी हेरले होते आणि तेच त्यांच्या दारूगोळ्याचे धोरण होते.

मिळालेला माल राखणे हेही तितकेच अवघड. सह्याद्रीवर चार महिने धुके व पाऊस. सोरा ओल धरतो आणि ओली दारू म्हणजे नुसती काळी माती. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना एखाद्या जुन्या, काटेकोर गृहिणीची आठवण होते. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. त्यास तळघर असावे. दारूची मडकी जमिनीवर न ठेवता वर मांडणीवर ठेवावी. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन दारू बाहेर काढावी, उन्हे द्यावी, पुन्हा नीट बंद करून मोहोर करावी. पहारा ठेवावा आणि परवानगीवाचून कोणास आत येऊ देऊ नये. पापड-कुरड्यांना ऊन दाखवावे तशी दारूला ऊन दाखविण्याची ही आज्ञा एका राज्याच्या नीतिग्रंथात आहे. त्याचे कारण उघड आहे. वाया गेलेली मडकी भरून काढावयास पुन्हा बंदर गाठावे लागे आणि तेथे जो भाव सांगतील तो द्यावा लागे. याच ग्रंथात अमात्यांनी टोपीकर हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, असे बजावून त्यांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात असल्याचे लिहिले आहे.

हे बळ दुसऱ्याला उसने घ्यावे लागले म्हणजे काय होते, ते १७३९ साली वसईस दिसले. चिमाजी आप्पांनी वसईचा वेढा आवळला होता. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले आणि त्यांत दारू ठासली; एकेका सुरुंगात किती बारांची दारू जात असेल, याची कल्पना करावी. आत पोर्तुगीजांची दारू सरत आली होती आणि तिजोरी रिकामी झाली होती. गोव्याहून मदत येईना. मुंबईच्या इंग्रजांनी दारू व गोळे पाठविले. पण पैशाचा प्रश्न आला तेव्हा शेजारधर्माची मर्यादा कळून आली. पंधरा हजार रुपयांच्या कर्जासाठी चर्चमधील चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा इंग्रजांकडे गहाण पडल्या. ज्या पात्रांवर पिढ्यान् पिढ्या उपासना झाली, ती दारूच्या पैशांसाठी सावकाराकडे गेली. आणि दारू हवी म्हणून तोफ गहाण टाकावी लागली! तोफ गेली तर दारू कशात घालावयाची, असा प्रश्न त्या गढीत कोणी विचारला असेल तर त्याला उत्तर मिळाले नसावे. मे महिन्यात सुरुंग उडाले, तट पडला आणि वसई शरण आली. मराठ्यांचीही माणसे त्या खिंडारात हजारोंनी पडली.

वसईनंतर वीस वर्षांच्या आत दोन घटना घडल्या. पानिपताच्या धामधुमीत त्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. १७५८ साली क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीसाठी मिळविला. त्या दिवसापासून डच आणि फ्रेंच यांनाही सोरा हवा तर इंग्रजांकडे यावे लागले. पुढल्याच वर्षी, १७५९ च्या मार्चमध्ये, इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. म्हणजे सोऱ्याचे उगमस्थान आणि शिशाचे बंदर या दोन्हींच्या किल्ल्या बारा-तेरा महिन्यांच्या अंतराने एकाच कमरेला लटकल्या. महाराजांचे धोरण विकणारे अनेक असण्यावर उभे होते. ते अनेक एक झाले, तेव्हा ते धोरण चालविणार कसे? पुण्याच्या दरबारात हे जाणणारा एक पुरुष होता. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ तोफा, बंदुका, तांबे व कापड भरलेले जहाज घेऊन चौलास उतरला तेव्हा नाना फडणविसांनी त्याचा मोठा आदर केला. ल्युबिनच्या बोलण्यात बडेजाव फार होता आणि नानांसारख्या माणसाला तो ओळखू आला नसेल, असे मानणे कठीण. पण दुसरा विकणारा आहे, एवढे जरी मुंबईच्या इंग्रजांना दिसले तरी नानांना पुरेसे होते. इंग्रज त्या एका जहाजाने जेवढे अस्वस्थ झाले, तेवढे ते फौजेनेही क्वचितच झाले असतील.

महादजी शिंद्यांनी दुसरी वाट धरली. विकत घ्यावयाचे ते घरीच करावयाचे. दि बॉयनच्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तोफा ओतल्या आणि विलायती धर्तीच्या बंदुका सुमारे दहा रुपयांस एक अशा स्वस्त घडविल्या. उत्तर हिंदुस्थानात सोऱ्याची माती जवळ होती, आणि त्या पलटणी सर्वांत सुसज्ज गणल्या जात, यात आश्चर्य नाही. तो सारा उद्योग १८०३ च्या ऑक्टोबरात लॉर्ड लेकने आग्र्याचा किल्ला घेताच इंग्रजांच्या हाती गेला.

सुरतेच्या बंदराचे ते दिवस आता गेले. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. खानदेशात भुसावळजवळ वरणगाव येथे १९६४ पासून काडतुसांचा कारखाना चालतो. पांडेसऱ्याच्या चाळीतील कित्येकांचे गाव त्याच जळगाव जिल्ह्यातले. महागाईने मात्र जुनी रीत सोडलेली नाही. युक्रेनचे युद्ध चालू असता, २०२३ च्या ऑक्टोबरात, नाटोच्या सैनिकी समितीचे अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाऊर यांनी सांगितले की, १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्याची किंमत २,००० युरोंवरून ८,००० वर गेली आहे. युरोपपाशी तोफा होत्या, कारखाने होते, पैसाही होता. अडले होते ते दारूपाशी. आजची निर्धूर दारू सोऱ्याची नसते. सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंवर आम्लाची क्रिया करून ती बनवितात, आणि ते तंतू युरोप बव्हंशी चीनकडून घेत होता. खानदेशच्या जिनांतून सरकी निघते तेव्हा तिच्या अंगावर हेच तंतू असतात.